नऊ चिमट्यांचा कोट

तमारा येगोरोव्ना,

तुमच्या पुस्तकात एक पान कोरं ठेवायचं तुमच्या मुलीने ठरवलं आहे. काल कात्याचा मेसेज आला. तुमच्या सगळ्या आयुष्याच्या कामाचं एक जाडजूड पुस्तक ती काढते आहे. खाणकामगारांच्या वस्त्या, उत्तरेकडची गोठलेली बंदरं, आणि मग आमचं बहारीन. बहारीनच्या भागात एक पान कोरं, आणि त्याच्या तळाला दोन ओळी: या फोटोतल्या माणसाने नकार दिला, म्हणून हा फोटो नाही. पुढे तिने मला विचारलंय, ‘तो माणूस नेमकं काय म्हणाला होता, आठवतं का? मला त्याचेच शब्द छापायचे आहेत.’

मी स्टुडिओत एकटाच होतो. मेसेज दोनदा वाचला आणि काउंटरच्या खालच्या खणाकडे बघत बसलो. कारण तो फोटो त्या खणात होता. आणि तो माणूस काहीच म्हणाला नव्हता, कारण मी त्याला विचारलंच नव्हतं.

हे तुम्हाला जिवंतपणी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. आता ऐका, आणि मधे बोलू नका. मधे बोलायची सोय राहिली नाही हे मला कळतंय, पण सवयीने लिहून गेलो.

तुम्ही पहिल्यांदा आलात ते व्हिसासाठी फोटो काढायला. मनामाच्या जुन्या सूकमधल्या, म्हणजे बाजारातल्या, माझ्या स्टुडिओत रोज पन्नास लोक त्यासाठीच येतात. तुम्ही इथल्या एका कला संस्थेत शिकवायला आला होता हे मला काय माहीत. मी आपला नेहमीचा पाढा म्हटला. हसू नका, हनुवटी खाली, केस कानामागे, इकडे बघा. तुम्ही मुकाट सगळं केलंत आणि फोटो झाल्यावर म्हणालात, "चाळीस वर्षं मी हेच काम करते, पण माणसाला इतक्या हुकमी आवाजात कधी बोलले नाही." मला वाटलं, बाई लग्नाचे फोटो काढत असणार.

मग पाकिटावर लिहायला मी तुमच्या पासपोर्टवरचं नाव वाचलं आणि विचारलं, येगोर म्हणजे वडील का? तुम्ही हो म्हणालात. मी सांगितलं की आमच्यातही मधे वडिलांचंच नाव असतं. तुम्ही काउंटरवर दोन्ही हात आपटलेत, एवढा आनंद. "तुमचं?" अशोक दत्तात्रय. त्या दिवसापासून मी अशोक दत्तात्रय झालो. तुमच्याकडे मान द्यायचा असला की आडनाव नाही, बापाचं नाव लावून हाक मारतात हे तुम्ही मला समजावलंत. इथे मला कोणी भाई म्हणतं, कोणी सर, कोणी नुसतंच स्टुडिओ. ‘दत्तात्रय’ म्हणताना तुमची जीभ प्रत्येक वेळी अडखळायची, पण तुम्ही एकदाही त्याचा दत्ता केला नाहीत. माझे वडील मिरज डेपोत एसटीचे ड्रायव्हर होते. त्यांनी समुद्रसुद्धा बघितला नव्हता, आणि त्यांचं नाव तुम्ही बहारीनच्या बाजारात रोज घ्यायचात. त्यासाठी मी तुमचे सगळे वाद सहन केले.

वाद काय कमी होते! स्टुडिओच्या मागची डार्करूम मी कधीच बंद करून त्यात पुठ्ठ्याची खोकी भरली होती. तुम्ही आठवड्याभरात ती रिकामी करायला लावलीत. तुमचा फिल्मचा कॅमेरा, ट्रे, फोटो धुवायच्या हायपोचा तो वास. माझी बायको मंगल मला म्हणायची, "तुमच्या शर्टाला परत जुना वास यायला लागला." तुम्ही मागे काळे-पांढरे फोटो धुवायचात आणि पुढे येऊन माझ्या रंगीत पडद्यांची टिंगल करायचात. तो गुलाबांचा बगीचा, तो धबधबा. मी म्हणायचो, तुम्हाला माणसं उदासच का लागतात? तुम्ही म्हणायचात, तुम्हाला ती खोटीच का लागतात? मग दोघंही चहा मागवायचो. तुमचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी, दोन्ही लंगडी. त्यामुळे भांडण लवकर दमायचं. मग तुम्ही इथे शिकलेला एकच अरबी शब्द वापरायचात, "खलास," आणि मागे निघून जायचात.

तुमचा नियम मी त्या डार्करूममध्येच शिकलो. ज्याचा फोटो, पहिली प्रिंट त्याला. तो हो म्हणाला तरच दुसऱ्या कोणाला दाखवायची. नाही म्हणाला तर कात्रीने निगेटिव्ह कापायचं, त्याच्या समोर किंवा साक्षीदारासमोर. मला हा वेडेपणा वाटायचा. एकदा विचारलं तेव्हा तुम्ही त्या वेल्डर बाईची गोष्ट सांगितलीत. तुम्ही तरुण होता, एका लहान गावच्या वर्तमानपत्रात नोकरीला. कारखान्यातल्या उत्कृष्ट कामगार बाईचा फोटो काढायचा होता. छातीवर पदक, हातात मुखवटा, तुम्ही तिला हौसेने पूर्ण उंचीत उभं केलंत. छापून आल्यावर गावाने पदक बघितलं नाही, तिचे फाटके बूट बघितले. ती बाई तुमच्याशी पुन्हा बोलली नाही. "तेव्हापासून मी विचारते," तुम्ही म्हणालात.

ही गोष्ट मी फार नीट लक्षात ठेवली. जरा जास्तच नीट.

आता कोटाचं. स्टुडिओत खिळ्याला टांगलेला तो काळा कोट तुम्हाला पहिल्या दिवसापासून खुपायचा. तो माझ्या लग्नाच्या रिसेप्शनचा. मी तेव्हाही अंगाने भरलेला. सित्र्याच्या कामगार वस्तीतून शुक्रवारच्या सुट्टीला कंपनीच्या बसने येणारी पोरं काटक्या. घरी पाठवायला फोटो हवा असला की कोट घालायची, आणि मग कोट त्यांच्या अंगावर पोत्यासारखा लोंबायचा. म्हणून मी मागून कपड्यांचे चिमटे लावायचो. समोरून बघाल तर शिंप्याने अंगावर बेतून शिवल्यासारखा. ही माझी कला होती, आणि तिचा मला गर्व होता. अजूनही आहे.

सुभाष त्या शुक्रवारी आला. जत तालुक्यातला, सित्र्याला पाइपलाइनवर फिटर. त्याच्यासाठी एक स्थळ आलं होतं, मुलीकडच्यांना फोटो पाठवायचा होता. मी त्याला कोट घातला, मागून नऊ चिमटे लावले, टाय बांधला, गुलाबांच्या बगीच्यासमोर उभा केला. तुम्ही पडद्याच्या कडेला, मागच्या दारात स्टुलावर चहा घेत बसला होता. मी समोरून फ्लॅश मारला, आणि त्याच वेळी त्याच्या मागून तुमच्या कॅमेऱ्याचा बारीक आवाज आला.

तुम्ही तो फोटो धुतलात तेव्हा मी ट्रेपाशी उभा होतो. पाण्यातून आधी चिमटे वर आले. मग त्याची पाठ, कडक ताठ. कोटाखाली कंपनीची पँट, तिच्यावरची चमकणारी पट्टी, पायात सेफ्टी शूज. त्याच्या खांद्यावरून पलीकडे मी, कॅमेऱ्याला डोळा लावून वाकलेला. माझ्या मागे सूकचा दरवाजा आणि उन्हात जाणारी माणसं. फोटो कशाला म्हणतात हे मला तितपत कळतं, तमारा येगोरोव्ना. मी बघताक्षणी ओळखलं की तुमच्या हातून याच्यापेक्षा चांगला फोटो होणार नाही.

तुम्ही महिनाभरासाठी घरी निघाला होता. प्रिंट पाकिटात घालून माझ्याकडे दिलीत. "पुढच्या शुक्रवारी तो त्याचे फोटो न्यायला येईल. त्याला हे द्या. विचारा."

तो आला. त्याचे सहा फोटो घेतले, खूश झाला, "लई भारी आलाय की वो," म्हणाला, आणि बस पकडायला पळाला. तुमचं पाकीट मी खणातून काढलंच नाही. मी मनाशी म्हटलं, पोराचं लग्न ठरतंय. हे चिमटे म्हणजे त्या बाईचे फाटके बूट आहेत. हा फोटो जगभर फिरेल आणि सगळे याच्या पाठीवर हसतील. मी त्याची अब्रू राखतोय. तुमच्याच गोष्टीचा आधार घेऊन मी तुमचा नियम मोडला, आणि वर मला फार चांगलं वाटलं.

तुम्ही परत आलात. बॅग खाली ठेवायच्या आधी विचारलंत, "काय म्हणाला?"

"नाही म्हणाला."

"प्रिंट?"

"फाडली त्याने."

तुम्ही खुर्चीत बसलात. मग आत जाऊन निगेटिव्हची पट्टी आणलीत, माझ्याच काउंटरवर माझ्याच कात्रीने तो चौकोन कापलात, आणि त्याचे पुन्हा चार तुकडे केलेत. "त्याचा हक्क आहे," एवढंच म्हणालात. चेहरा पांढराफटक पडला होता. मी चहा मागवला. दुसरं काय करणार होतो?

तिथेच संपलं असतं तर मी कदाचित विसरलोही असतो. पण तुम्ही त्या नकाराला डोक्यावर घेतलंत. दरवर्षी हिवाळ्यात आलात की कुठल्या ना कुठल्या व्याख्यानात ती गोष्ट सांगायचात. मनामातल्या त्या छोट्या हॉलमध्ये तर मी पहिल्या रांगेत होतो. तुम्ही म्हणालात, "माझा सर्वांत चांगला फोटो कोणीच पाहिलेला नाही, कारण एका फिटरने नाही म्हटलं. आणि मला त्याचा अभिमान आहे." मग माझ्याकडे बोट केलंत, "हे साक्षीदार." लोक वळून बघायला लागले आणि मी मान डोलावली. मंगल शेजारी बसली होती. घरी येताना गाडीत ती म्हणाली, "तुम्ही एवढे का घामाघूम झालात? एसी तर चालू होता." तिलाही मी सांगितलं नाही.

तुम्ही आजारी पडलात हे कळल्यावर सगळं सांगून टाकायला मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तुम्हीच इतकं हसून बोललात की मी माझं घोडं पुढे दामटलं नाही. शेवटच्या फोनवर तुम्ही विचारलंत, "अशोक दत्तात्रय, कोट अजून आहे का?" आहे म्हणालो. "चिमटे बदला, गंजले असतील." प्लॅस्टिकचे आहेत, गंजत नाहीत, असं मी म्हणालो. ते आपलं शेवटचं बोलणं. माणसाने एवढं आयुष्य काढावं आणि शेवटी प्लॅस्टिकवर वाद घालावा!

तुम्ही गेल्यावर कात्याने तुमच्या घरातला एक फोटो पाठवला. टेबलावर तुमची तसबीर, तिला काळी फीत, पुढे एक ग्लास आणि त्याच्यावर पावाचा तुकडा. चाळीस दिवस तसंच ठेवतात म्हणे. मी मोबाइल जवळ घेऊन बघितलं तर तसबिरीत तुम्ही हसत नव्हता, हनुवटी खाली, केस कानामागे. माझा व्हिसाचा फोटो! कात्याने लिहिलं होतं, ‘आईने आयुष्यभर दुसऱ्यांचे फोटो काढले, तिचा एकटीचा नीट हाच सापडला, तो तिच्या पर्समध्ये होता. थडग्यावरही हाच बसवणार आहोत.’ मी तो मेसेज मंगलला वाचून दाखवायला गेलो आणि अर्ध्यावरच मोबाइल तिच्या हातात दिला. तिने तुमच्यासाठी देवापाशी दिवा लावला. माझी हुकमी फोटोग्राफी तुमच्या थडग्यावर जाणार आहे, म्हणजे एक वाद तरी मी जिंकलो. तुम्ही असता तर लगेच मान्य केलं नसतंत.

आणि म्हणूनच ते कोरं पान मला सोसेना. तुम्ही माझं काम शेवटपर्यंत पर्समध्ये जपलंत. मी तुमचं खणात कोंडून ठेवलं.

सुभाष आता रिफाला असतो, एका व्हिला कंपाउंडमध्ये मेंटेनन्सचा सुपरवायझर. व्हिसाच्या फोटोंसाठी अजून माझ्याकडेच येतो, त्यामुळे नंबर होता. आज दुपारी त्याच्या जेवणाच्या सुट्टीत मी पाकीट घेऊन गेलो. त्याची केबिन म्हणजे पंपाशेजारची खोली. मी म्हटलं, "सुभाष, आधी हे बघ. मग पाहिजे तेवढ्या शिव्या दे."

त्याने हात पँटला पुसले आणि प्रिंट दोन्ही हातांनी धरली.

"ह्यो मी?"

"तूच."

"पाठीमागनं कुनी काढला?"

"तमारा मॅडमनी."

त्याने ती उजेडाकडे वळवली. मी त्याच्या चेहऱ्यावर लाज शोधत होतो. मग तो म्हणाला, "बूट बघा की कसलं चमकत्यात. त्या दिशी सकाळी पालिश करून आल्तो मी."

मी इतकी वर्षं त्या फोटोत नऊ चिमटे बघत आलो. बूट मला कधी दिसलेच नव्हते. आता वाकून बघितले. खरोखर चकाकत होते.

मग मी त्याला सगळं सांगितलं. तुमचा नियम, पाकीट, कात्री, व्याख्यान, कोरं पान. तो ऐकत होता आणि त्याचं हसू हळूहळू मावळलं.

"म्हंजी न्हाई कोन म्हनलं?"

"मी."

"माझ्या नावानं?"

"तुझ्या नावानं."

त्याने प्रिंट टेबलावर ठेवली. आवाज चढवला नाही. "सायेब, मला इचारायचं हुतं की. आमच्या वतीनं हितं समदेच बोलत्यात. कंपनी बोलती, एजंट बोलतो. तुमी तर आपल्या गावाकडचं."

मी माफी मागितली, ती त्याने मान हलवून घेतली, आणि म्हणाला, "थांबा, शोभाला दावतो. फोटू तिच्यासाठीच काढल्याला न्हवं?" त्याने गावी व्हिडिओ कॉल लावला आणि प्रिंट मोबाइलसमोर धरली. मी घाबरून त्याचा हात धरणार होतो. आता बायकोसमोर याची अब्रू जाणार, अजूनही माझ्या डोक्यात तेच.

पलीकडून ती बाई हसायलाच लागली. "अगं बया, चिमट्याचा कोट! ह्योच का त्यो?"

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"आवो, लग्नाच्या दुसऱ्याच दिशी सांगितलं हुतं ह्यांनी. म्हनलं, कोट काय माझा न्हाई बरं का, फोटूवर जाऊ नगंस. आजून कापडं वाळत घालताना चिडवती मी ह्यांना."

तमारा येगोरोव्ना, ज्या गुपितासाठी मी तुमचं निगेटिव्ह कापायला लावलं, ते त्याने लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आपल्या बायकोला हसत सांगून टाकलं होतं. त्या चिमट्यांची त्याला कधी लाज नव्हतीच. लाज मला होती. कोट माझा, कला माझी, आणि त्या फोटोत सगळ्या जगाला दिसणार होता तो माझ्या दुकानाचा मागचा भाग. मी स्वतःची अब्रू राखली आणि नाव त्याचं घेतलं. इतकी साधी गोष्ट कळायला मला तुमचं मरण लागलं, याचा मला राग येतो. तुम्हाला कळली होती का? चिमटे बदला म्हणालात तेव्हा? आता हे मला कोण सांगणार.

मी त्याला शेवटी विचारलं. नीट, उभं राहून, तुम्ही विचारायचात तसं. हा फोटो पुस्तकात छापला तर चालेल का? नाही म्हणालास तर इथेच फाडतो.

"छापा की," सुभाष म्हणाला. "पर खाली ‘कामगार’ लिवू नका. नाव लिवा. सुभाष गणपत. बापाच्या नावासकट."

परत येऊन मी कात्याला सगळं लिहिलं, एकही गोष्ट न लपवता. तिला सांगितलं की तुझी आई ती गोष्ट सांगताना खोटं बोलत नव्हती, खोटं मी बोललो होतो. तिचा नियम बरोबर होता. मी तो पाळू दिला नाही. प्रिंट कापडी अस्तराच्या पाकिटात बंद करून ठेवली आहे, उद्या कुरियरने जाईल. ती मला काय उत्तर देईल माहीत नाही. रागावली तर तिचा हक्क आहे. पान मात्र आता कोरं राहणार नाही.

संध्याकाळी एक पोरगा कोट घालून फोटो काढून गेला. मी चिमटे लावले आणि मागे आरसा धरून त्याला ते दाखवले. तो हसला. असं इतक्या वर्षांत मी कधीच केलं नव्हतं.

आणि कात्याला त्या माणसाचे नेमके शब्द हवे होते. तेही पाठवलेत, आधी फोन करून सुभाषला विचारून. फोटोखाली त्याचं नाव, बापाच्या नावासकट, आणि नावाखाली तो जे म्हणाला ते: "मला इचारायचं हुतं की."